उजव्या दाढेमागची तीन टिंबं

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत. तिच्या तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्यात तिला कमीपणा वाटत नव्हता. चौदा वर्षं ती एका दंतवैद्याच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत बसून कवळ्या करत होती. खोलीला खिडकी एकच, तीही जिन्याकडे उघडणारी. फळीवर प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले असत. सगळी बोळकी तोंडं आ वासून बसलेली. पहिल्या दिवशी तिच्या तीन वर्षांच्या लेकीने विचारलं होतं, "आई, हे सगळे कशाला हसतायत?"

ती लढाईतून निघून, लेकीला कडेवर घेऊन या गावात आली होती. नवरा मागाहून येणार होता. आला नाही. इथे तिला नोंदणीचं कार्ड मिळालं. त्या कार्डावर राहायची मुभा होती, काम करायची नव्हती. कार्डावर एक रकाना होता, व्यवसाय. त्यात कचेरीतल्या माणसाने लिहिलं, "नाही". तिने सांगून पाहिलं की मी माझ्या शहरात अकरा वर्षं कवळ्या केल्या आहेत. तो म्हणाला, "तिकडे केल्या असतील." आणि पुढचा माणूस बोलावला.

म्हणून मागची खोली, आणि म्हणून मागचं दार. डॉक्टर पुढे रोग्याच्या तोंडाचं माप घ्यायचे. ते माप मागे यायचं, त्याच्याबरोबर बोटभर कागदाची चिठ्ठी: "खालची पूर्ण. मंगळवारी." या धंद्याची रीत अशी की प्रत्येक कामाबरोबर चिठ्ठी येते. काम देणाऱ्याचं नाव, करणाऱ्याचं नाव, तारीख आणि सही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फक्त काम असायचं. नाव कधीच नाही, ना त्यांचं ना तिचं. रोग्यांना ते सांगत, "राजधानीत मोठी प्रयोगशाळा आहे, तिथे यंत्रावर होतात." पैसेही त्याच हिशेबाने घेत.

दातवालीने मात्र आपली एक रीत सोडली नव्हती. ज्या बाईंनी तिला हे काम शिकवलं त्यांचा दंडक होता की करणाऱ्याने आपली खूण कवळीवर ठेवायची, म्हणजे मोडली तर ती त्याच हाताकडे परत येते. दातवालीची खूण होती उजव्या शेवटच्या दाढेमागे तीन टिंबं आणि सालाचे दोन आकडे, सुईच्या टोकाने कोरलेले. डॉक्टरांना ती दिसली होती. कुणी विचारलं तर ते सांगत, "तो यंत्राचा नंबर आहे."

हे ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण लेक शाळेत होती, आणि मागचं दार बंद झालं असतं तर पुढचं कुठलंच उघडं नव्हतं. ती मूग गिळून दात लावत राहिली.

निर्वासितांना तिसऱ्याच एखाद्या देशात कायमचं वसवण्याची एक यादी होती. त्या यादीत तिचं नाव अकरा वर्षं होतं. तीनदा मुलाखत झाली. तिन्ही वेळा तिने नवरा कसा गेला ते सांगितलं, आणि तिन्ही वेळा समोरचा माणूस टंकत राहिला. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "मागच्या वेळी तुम्ही सकाळ म्हणाला होता, आता दुपार म्हणताय." ती म्हणाली, "माझ्याकडे तेव्हा घड्याळ नव्हतं, नवरा होता." त्याने तेही टंकलं. पुढे कधीही विचारलं की एकच उत्तर मिळे, "फाईल चालू आहे."

शेजारच्या खोलीतली बाई तिच्याआधीपासून त्याच यादीत होती. तिची कंबर मोडलेली होती आणि जीभ शाबूत होती. ती म्हणायची, "आपली फाईल चालते ती माझ्यासारखी. भिंतीला धरून."

अशी चौदा वर्षं गेल्यावर चार जानेवारीला, मंगळवारी, मदत-कचेरीतल्या सल्लागार बाईंनी दातवालीला बोलावून घेतलं. या बाई नवीन होत्या आणि अजून थकल्या नव्हत्या.

"यादीचा नाद सोडू नका, पण तिच्यावर बसूनही राहू नका. दुसरे कायदेशीर रस्ते निघालेत. कुठे शिकणाऱ्या मुलांना जागा देतात. कुठे चार-पाच शेजारी मिळून एखाद्या कुटुंबाची हमी घेतात. आणि तुमच्यासाठी कामाचा रस्ता आहे. एका देशात कवळ्या करणारी माणसं मिळत नाहीत. तुम्ही निर्वासित म्हणून नाही, कारागीर म्हणून जायचं. जो परवाना कुठल्याही परदेशी कामगाराला मिळतो, तोच."

दातवाली म्हणाली, "अकरा वर्षं मी यांना माझं रडगाणं सांगत होते. तेव्हा कुणाला विचारता नाही आलं, बाई, तुला काय येतं?"

"खरं आहे तुमचं," सल्लागार बाई म्हणाल्या. "आता विचारलंय. रागवा, पण अर्ज भरा."

घरी येऊन तिने शेजारणीला सांगितलं. शेजारीण अंथरुणावर बसून ऐकत होती. "चांगलं झालं. तुझ्या हातात कला आहे. माझ्याकडे नुसतं दुःख आहे, आणि त्याला हल्ली मागणी नाही." ती हसून म्हणाली, पण दातवालीला ते रात्रभर पुरलं.

परीक्षा झाली. तिकडच्या कवळ्यांच्या कारखान्याचा मालक, एक म्हातारा कारागीर, पडद्यावर दिसत होता. त्याने टपालाने पाठवलेल्या साच्यावर तिने कॅमेऱ्यासमोर मेणात दात लावले. सहा तास लागले. मध्ये म्हाताऱ्याने दुभाष्याकरवी एकच प्रश्न विचारला, "सुळा असा कलता बसवायला कुठे शिकलात?"

तिने सांगितलं. आणि सांगताना तिच्या लक्षात आलं की चौदा वर्षांत तिला पहिल्यांदा कुणी कामाचा प्रश्न विचारला होता. तिला आनंद झाला, आणि एवढ्याशा गोष्टीचा आनंद व्हावा याचा संताप आला.

नोकरी पक्की झाली. जुनं, मुदत संपलेलं पारपत्रही चालवून घेऊ म्हणाले. घोडं अडलं ते एका कागदावर. गेल्या पाच वर्षांच्या अनुभवाचा पुरावा हवा होता. रोग्यांचे जबाब चालतील, फोटो चालतील, पण निदान एक कागद मालकाच्या हातचा पाहिजे, त्याच्या सहीचा.

आणि मुदत होती. एकोणीस मार्चला लेक अठराची होणार होती. अर्ज त्याआधी दाखल झाला तर लेक आईच्या अर्जात. एकोणीसपासून ती कायद्याने मोठी, तिचा रस्ता तिने शोधायचा. म्हणजे आई तिकडे आणि पोर इथे, 'व्यवसाय: नाही' लिहिलेलं कार्ड घेऊन. लेकीला टाकून ती जाणार नव्हती. अर्जच करणार नव्हती.

चोवीस फेब्रुवारीला सकाळी सव्वानऊला, पहिला रोगी यायच्या आत, ती डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"कसलं पत्र?" डॉक्टर म्हणाले.

"मी इथे कवळ्या करते असं. तुमच्या सहीचं."

"ताई, तुम्हाला काम द्यायला मला परवानगी नाही. मी लिहून द्यायचं म्हणजे स्वतःच्या हाताने गुन्हा कबूल करायचा? दंड होईल. दवाखाना बंद होईल."

"तो कागद इथल्या कुठल्या कचेरीत जात नाही. सल्लागार बाईंनी तसं लिहून दिलंय. हे बघा." तिने कागद पुढे ठेवला. त्यांनी तो वाचला नाही.

"आणि तुम्ही गेल्यावर माझं काम कोण करणार? ते तुमच्या सल्लागार बाई करणार का?"

आता खरं बाहेर आलं. ती उभीच होती. डॉक्टरांनी थोडा विचार केला, लेटरहेडचा एक कागद ओढला आणि चार ओळी लिहून दिल्या. तिने वाचलं: "या बाई माझ्या दवाखान्यात अधूनमधून साफसफाई व किरकोळ मदत करत असत."

"याने काय होणार?"

"काही नसल्यापेक्षा बरं. माझ्याकडून एवढंच होईल."

तिने तो कागद घडी करून त्यांच्या टेबलावर ठेवला. "डॉक्टर, चौदा वर्षं माझ्या हातचं तुम्ही विकलंत. आता निदान पुसू तरी नका."

"आवाज खाली. बाहेर रोगी आहेत."

"ते माझेच रोगी आहेत," ती म्हणाली.

दुपारी तिला सांगण्यात आलं की उद्यापासून येऊ नका.

त्या दिवशी ती घरी जी बसली ती चपलासुद्धा न काढता. लेक शाळेतून आली तेव्हा तिने सगळं ऐकलं आणि शांतपणे वही काढली. ही मुलगी लहानपणी त्या मागच्या खोलीत साच्यांशी खेळत वाढली होती. कुठला जबडा कुणाचा हे तिला पाठ होतं. "आई, मालकाच्या कागदाचं नंतर बघू. रोग्यांपासून सुरू करू. तुझी टिंबं कुणाकुणाच्या तोंडात आहेत?"

रात्रीपर्यंत वहीत एकतीस माणसं झाली.

पुढचे दहा दिवस माय-लेकी दारोदार फिरल्या. चांगले अनुभव सांगितले की वाईट विसरायला होतात, म्हणून वाईट आधी. दोन दारं तोंडावर बंद झाली. एक बाई म्हणाली, "म्हणजे माझ्या तोंडात तुमच्या हातचं आहे? यंत्राचं नाही?" आणि तिने तोंड असं केलं की जणू कवळीत झुरळ निघालं. दातवाली म्हणाली, "सात वर्षं त्याच दातांनी खाताय. अंगाला लागलंच ना?" लेकीने तिला ओढून खाली नेलं.

पण निवृत्त पोस्टमन, सहाव्या मजल्यावरचे, दारातच कवळी काढून उजेडात धरून उभे राहिले. चष्मा आणवला. तीन टिंबं दिसली तसे त्यांच्या गालांच्या खळग्यांतून हसू फुटलं. मग कवळी परत बसवून म्हणाले, "पत्ता लिहिलेला होता आणि मी इतकी वर्षं बघितला नाही. माझ्याच धंद्याला लाज. आणा कागद." त्यांनी जबाब लिहिला, कवळीचा फोटो काढू दिला, आणि जिन्यातल्या आणखी दोघांना बोलावून त्यांचीही तोंडं उघडायला लावली.

नऊ मार्चपर्यंत तेवीस जबाब झाले. मालकाच्या हातचा एकही नव्हता.

दहा मार्चला सकाळी दारात डॉक्टरांच्या आई उभ्या. वय चौऱ्याऐंशी, हातात काठी, तीन जिने चढून धाप लागलेली. त्यांची वरची कवळी दातवालीनेच नऊ वर्षांपूर्वी केली होती. चार वेळा टोचते म्हणून त्या परत आल्या होत्या आणि चारही वेळा मागच्या खोलीत स्टुलावर बसून तिला घासताना बघत होत्या. यंत्राची गोष्ट त्यांना कुणी सांगू शकत नव्हतं.

"पोस्टमनने सांगितलं मला," आजी म्हणाल्या. "माझ्या मुलाने सांगायला हवं होतं. चल, तुझं हत्यारांचं खोकं तिथेच राहिलंय ना? ते आणू."

"आजी, तुम्ही यात पडू नका."

"पोरी, मी पडले तर उठणार नाही या वयात, एवढं खरं. चल."

दवाखान्यात चार रोगी बसले होते. डॉक्टर बाहेर आले, आईला आणि तिच्यामागे दातवालीला बघून थबकले. "आई, तू आत जाऊन बस."

"मी उभी बरी आहे. या बाईला पत्र दे."

"आपण घरी बोलू."

"घरी तू जेवताना फोन बघतोस. इथेच बोलू. माझे दात कुणी केले?"

"आई, हळू. प्रयोगशाळेत..."

आजींनी तोंडात हात घातला, वरची कवळी काढली आणि काउंटरच्या काचेवर आपटली. दाखवायला म्हणूनच ठेवायची होती, पण रागात हात जड पडला. मधोमध तडा जाऊन तिचे दोन तुकडे झाले. त्यातला उजवा, टिंबांचा, घरंगळत जाऊन एका रोग्याच्या बुटाशी थांबला.

दात नसले की माणसाचं बोलणं मऊ पडतं. आजींचं पडलं नाही. "हे बघ. तीन टिंबं. फ्रयोगशाळा म्हणे. मी बघत बसले होते रे मेल्या, तुझ्या फाठीमागे."

रोग्यांपैकी एकीने हळूच आपल्या दाढेमागे बोट फिरवलं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण कागद काही त्यांनी काढला नाही. "हिचं खोकं हिला देऊन टाका," एवढंच म्हणून आत गेले आणि दार लावून घेतलं.

आजींनी तिथेच बाकावर बसून, दवाखान्याच्याच पेनने, चोविसावा जबाब लिहिला. अक्षर थरथरत होतं, मजकूर नाही. कुठली खोली, कुठलं स्टूल, कुठल्या साली. खाली सही, आणि सहीखाली: "दवाखान्याच्या मालकाची आई."

सल्लागार बाईंनी तो वाचून मान हलवली. "आई म्हणजे मालक नाही. अर्ज तपासणारे अडवायचं म्हटलं तर अडवतील."

दातवाली म्हणाली, "तुमच्या लोकांना आईपेक्षा मालक खरा वाटतो."

"माझे लोक नाहीत ते," सल्लागार बाई म्हणाल्या. "मी पण त्यांच्याच दारात असते रोज."

पाच दिवस गेले. राजधानीत खरोखरच एक प्रयोगशाळा होती, आणि डॉक्टरांनी तुकडे तिकडे पाठवायचं ठरवलं होतं. तिथून बारा दिवस लागतील असं कळलं. आजी म्हणाल्या, ज्या हाताने केली त्या हाताशिवाय मी कुणाला माझे दात देणार नाही. त्या पातळ पेजेवर राहिल्या, मुलाशी बोलेनात, आणि दवाखान्यात मेणातल्या अर्ध्या कवळ्या तशाच पडून राहिल्या.

पंधरा मार्चला, मंगळवारी, दुपारी चारला डॉक्टर दातवालीच्या दारात आले. चौदा वर्षांत पहिल्यांदा. हातात डबी होती. खोलीत बसायला एकच खुर्ची होती, तिच्यावर लेकीची पुस्तकं होती. ती कुणी उचलली नाहीत.

"आईची आहे," डॉक्टर म्हणाले. "जेवण तुटलंय तिचं."

दातवालीने डबी घेतली, तुकडे काढले, खिडकीशी नेऊन कडा जुळवून पाहिल्या. "सरळ मोडलीय. जुळेल." तिने खोकं उघडलं, मेण विस्तवावर धरलं आणि दोन्ही तुकडे चिकटवून दाबून बसवायला सुरुवातही केली. डॉक्टर बघत उभे राहिले. कदाचित चौदा वर्षांत त्यांनी हेही पहिल्यांदाच नीट बघितलं असेल.

"उद्या दुपारी घेऊन जा," ती मान वर न करता म्हणाली. "चिठ्ठी कुठे आहे?"

"कसली चिठ्ठी?"

"कामाबरोबर चिठ्ठी येते. देणाऱ्याचं नाव, करणाऱ्याचं नाव, तारीख, सही. इतकी वर्षं तुम्ही निम्मी लिहीत होतात. आज पुरी लिहा."

डॉक्टरांनी मागचं दार ओढून घेतलं.

"घाबरू नका. चिठ्ठी दिलीत की नाही, कवळी जोडून मिळेलच. आजींना मी उपाशी ठेवायची नाही, ते तुम्हाला जमतं." तिने जुळवलेली कड पुन्हा एकदा दाबली. "पण आजींचा जबाब अठराला जाणार आहे, तुमच्या दवाखान्याच्या नावासकट. त्याच्याबरोबर तुमचा कागद गेला तर तुम्ही काम देणारे. नाही गेला तर लपवणारे. तिथे वाचणारा माणूस तुम्हाला ओळखत नाही, पण मी ओळखते. तेवढं मला पुरे आहे. तुम्हाला पुरतं का बघा."

लेकीने वहीतलं एक कोरं पान फाडलं आणि पेनासकट पुस्तकांच्या ढिगावर ठेवलं. डॉक्टर उभ्यानेच वाकले. "काय लिहू?"

"माझ्या आईची वरची कवळी, जी या बाईंनी माझ्या दवाखान्यात नऊ वर्षांपूर्वी केली, ती दुरुस्तीसाठी त्यांच्याकडे देत आहे."

त्यांनी लिहिलं.

"गेली चौदा वर्षं माझ्या दवाखान्यातल्या सर्व कवळ्या यांनीच केल्या आहेत."

पेन थांबलं. खोलीत मेणाचा वास आणि भिंतीपलीकडून शेजारणीच्या काठीचा आवाज. मग पेन पुन्हा हललं.

"'सर्व' राहिलं," लेक म्हणाली. ती खांद्यावरून वाचत होती.

त्यांनी 'सर्व' वर चढवलं, सही केली, शिक्का खिशातच होता तोही मारला. जाताना म्हणाले, "मी तुम्हाला कधी वाईट वागवलं नाही, ताई."

"नाही," ती म्हणाली. "वागवलंच नाहीत."

अठरा मार्चला, शुक्रवारी, सकाळी साडेदहाला अर्ज त्या देशाच्या वकिलातीच्या खिडकीत गेला. चोवीस जबाब, तितकेच फोटो, एक चिठ्ठी. पहिल्या पानावर रकाना होता, व्यवसाय. तिने तिथे 'कवळी कारागीर' असं लिहिलं, आणि इतकं दाबून लिहिलं की ती अक्षरं खालच्या तीन पानांवर उमटली. खिडकीतल्या माणसाने तारखेचा शिक्का मारून लेकीची जन्मतारीख पाहिली आणि भुवया उंचावल्या. "अगदी शेवटच्या दिवशी आलात."

"अकरा वर्षं आधी आलो होतो," दातवाली म्हणाली.

परवाने पाच महिन्यांनी आले, दोघींचे. त्या दिवशी ती शेजारणीला सांगायला गेली. शेजारणीने दोन्ही पानं हातात घेऊन मागून-पुढून पाहिली, लेकीचा फोटो बघून म्हणाली, "पोर चांगली आलीय." मग पानं परत केली.

"तिकडे गेलीस की एक विचार," ती म्हणाली. "ज्यांना काहीच येत नाही, त्यांना कुठल्या खिडकीत उभं राहायचं असतं?"

दातवालीने तो प्रश्न लेकीच्या वहीत लिहून घेतला, तारखेसकट, आणि वही सामानात अगदी वर ठेवली.